एकट्या पालकाचे बिऱ्हाड आणि वस्तीची निवड
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी शिक्षण, विवाह, उद्योगधंदे अशा थोर विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होतात. मी काही विद्वान नव्हे. सारे आयुष्य यवतमाळच्या शाळांत मुले शिकविण्यात आणि अखेरची काही वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसून प्रवेशाचे अर्ज तपासण्यात गेले. त्या अर्जांवरील पत्ते वाचता वाचता जो विषय मनात घर करून राहिला तोच आज आपणांपुढे मांडणार आहे. विषय दिसावयास लहान आहे. पतीच्या निधनानंतर, अथवा पतीपासून विभक्त झाल्यानंतर, जी भगिनी लेकरांना घेऊन खेड्यातून यवतमाळास येते, तिने बिऱ्हाड कोणत्या वस्तीत करावे?

यात भाषण करण्यासारखे ते काय, असे कोणाला वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्याची स्थिती आपण जाणता. सोळा तालुक्यांच्या या कापसाच्या मुलखात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरांतील कर्ता पुरुष हिरावून नेला हे मी सांगावयास नको. त्यात अपघात, आजार, दारू आणि परित्याग यांची भर घाला. आपल्या समाजातही अशी घरे आहेत. त्यांची नावे मी घेणार नाही, आपणही मनात घेऊ नयेत.

प्रत्येकीने गाव सोडलेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळास भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी केले, हे आपणांस स्मरत असेल. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर अंगणवाडीतील काम व शिवणकाम यांवर मुले वाढविणाऱ्या या बाई गावातच राहिल्या आणि तेथूनच संमेलनाच्या व्यासपीठावर आल्या. जिला गावात काम आहे, राहते घर आहे आणि सासर-माहेरपैकी एका बाजूचा तरी आधार आहे, तिने शहराच्या नादी लागू नये. परंतु जिला यांतले काही उरले नाही, जिची मुलगी आठवीच्या पुढे शिकावयाची आहे आणि गावात पुढची शाळा नाही, तिला येणे भागच आहे. मी बोलते आहे ती तिच्याविषयी.

ती येते तेव्हा बहुधा जुन्या शहरात येत नाही. तेथील भाडे तिला झेपत नाही. ती येते लोहाऱ्यास, वडगावास, उमरसऱ्यास, वाघापुरास, भोशास, पिंपळगावास. एके काळी ही स्वतंत्र गावे होती. २०११ च्या जनगणनेत मूळ शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार भरली, त्यानंतरच्या हद्दवाढीत ही गावे नगरपरिषदेत आली आणि वावरांच्या जागी ले-आऊट पडत गेले. कागदावर सारे यवतमाळच. परंतु कागदावरचे यवतमाळ आणि पायाखालचे यवतमाळ यांत पुष्कळ अंतर आहे.

अशा भगिनीला आप्तेष्ट दोन सल्ले हमखास देतात. पहिला, 'जिथे भाडे कमी तिथे राहा.' दुसरा, 'आपल्या लोकांत राहा.' दोन्ही सल्ले प्रेमाचे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. माझ्या मते वस्तीचे माप रुपयांनी किंवा नात्यांनी घेण्याआधी तासांनी घ्यावे. ज्या घरात दोन मोठी माणसे आहेत तेथे एकाचा उशीर दुसरा झाकतो. एकटीच्या घरात तिचा उशीर झाकणारे कोणी नसते. तो उशीर लेकराच्या वाट्याला येतो. सकाळी ती केव्हा निघते, मूल केव्हा सुटते, ती केव्हा परतते, आणि मधल्या वेळात मूल कोठे असते, हे चार प्रश्न ज्या वस्तीत सुटतात ती वस्ती तिची. बाकी सारे त्यानंतर.

जुन्या काळाकडे पाहिले तर हेच दिसते. पंडिता रमाबाई १८८२ साली पतीच्या मृत्यूनंतर तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या. पुढे १८८९ साली त्यांनी शारदासदन मुंबईस काढले, दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास हलविले आणि त्या शतकाच्या अखेरीस केडगाव येथे मुक्तीचा पसारा मांडला. केडगाव म्हणजे शहराच्या गजबजाटापासून दूर, पण रेल्वेच्या स्टेशनाला लागून. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली स्थापिलेला आश्रम प्लेगाच्या दिवसांत पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. आज त्याच भागाला कर्वेनगर म्हणतात. त्या काळी ते माळरान होते. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजातील शिकविणे आटोपून पायी हिंगण्यास जात, पावसाळ्यातील चिखलातूनही जात. ही कथा आपण त्यांच्या त्यागाची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक व्यवहार दिसतो. वस्ती दूर असली की ते अंतर कोणाला तरी चालावेच लागते. हिंगण्यात ते अंतर अण्णासाहेब चालले; आश्रमातील विधवांना निवास, शाळा व सोबत एकाच कुंपणात मिळाली. आजच्या एकट्या आईला कोणी अण्णासाहेब नाहीत. शहराबाहेर स्वस्त खोली घेतली की ते अंतर ती स्वतः चालते, आणि तिच्यामागून तिचे लेकरू चालते.

आता हिशेब पाहा. समजा, दूरच्या ले-आऊटमधील खोली शाळेजवळच्या खोलीपेक्षा महिन्याला ८०० रुपयांनी स्वस्त मिळाली. कामावर जाण्यायेण्याला ऑटोचे २०-२० रुपये धरले तर २६ दिवसांचे १०४० होतात. म्हणजे वाचले काहीच नाही, उलट २४० रुपये अंगावर पडले. शिवाय रोजचा तासभर गेला तो वेगळाच. हा तास तिच्या झोपेतून जातो किंवा मुलाच्या अभ्यासातून. भाडे कबूल करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा, एवढे साधे काम आहे. पण नव्या जागी आलेल्या माणसाला ते सुचत नाही. आप्तांनी ते सुचवावे.

कामाचे ठिकाण आधी निश्चित करावे आणि मग खोली पाहावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय वाघापूर रस्त्याच्या बाजूस आहे. त्या परिसरात परिचर्येची, स्वच्छतेची, स्वयंपाकाची, डबे पुरविण्याची कामे निघतात. कारखान्यांतील काम लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे दारव्हा रस्त्याला. वडगाव आर्णी रस्त्यावर. रुग्णालयातील पाळीचे काम पत्करून बिऱ्हाड मात्र लोहाऱ्यास केलेली एक भगिनी माझ्या माहितीत होती. रात्रपाळी आली की ती दोन्ही मुलांना शेजारच्या म्हातारीकडे निजवून शहर ओलांडून जाई. म्हातारी आपल्या मुलीकडे गेली आणि त्या महिन्यात बाईंचे काम सुटले. बाईंचा काही दोष नव्हता आणि म्हातारीचाही नव्हता. दोष बिऱ्हाडाच्या जागेचा होता.

शाळेच्या वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय केला. बालकांच्या झोपेच्या दृष्टीने निर्णय उत्तम. परंतु जिला आठला कामावर हजर व्हावयाचे आहे, तिचे मूल आठ ते नऊ कोठे असणार? आणि शनिवारी सकाळची शाळा असते, ती लौकर सुटते. अंगणवाडी तर दुपारपर्यंतचीच. एवंच, दररोज दोन-तीन तास असे उरतात की आई कामावर आहे आणि मूल रस्त्यावर नाही तर कुलूप लावलेल्या खोलीत आहे. मुख्याध्यापिका म्हणून मी सांगते, मुलांच्या आयुष्यातील पुष्कळसे बरेवाईट या दोन-तीन तासांत ठरते. म्हणून ज्या वस्तीत शाळा पायी दहा मिनिटांवर आहे, वाटेत महामार्ग ओलांडावा लागत नाही आणि शाळा सुटल्यावर बसावयास एखादे वाचनालय, अभ्यासिका, देवळाची ओसरी किंवा विश्वासाचे घर आहे, ती वस्ती शंभर-दोनशे रुपयांनी महाग असली तरी स्वस्तच समजावी.

शाळेजवळ राहण्याचा दुसराही लाभ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा असतात, आणि आपल्या राज्यात त्या जागा देताना घरापासून शाळेचे अंतर पाहतात. घर एक किलोमीटरच्या आत असेल तर पहिला अधिकार. भाड्याने राहणाऱ्याने नोंदणी केलेला भाडेकरार दाखवावा लागतो. येथे अडचण अशी की घरमालक करार नोंदवावयास कां कूं करतात. वास्तविक १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. या सभागृहात बसलेल्या कित्येकांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत. त्यांनी हे वाक्य जरा लक्षपूर्वक ऐकले असेल अशी आशा आहे!

आता पाण्याविषयी. यवतमाळकरांपुढे पाण्याचे वर्णन करणे म्हणजे सुताराला रंधा दाखविण्यासारखे आहे. निळोणा व चापडोह या दोन धरणांवर शहराची तहान. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्हींनी दगा दिला तेव्हा नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत होते आणि गल्लोगल्ली टँकरभोवती ड्रमांच्या रांगा लागल्या होत्या. बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणण्याची योजना हाती घेतली गेली, पण ती ठरल्या मुदतीत पुरी झाली नाही. त्या उन्हाळ्याचा धडा असा की, टँकर माणसाची वाट पाहत नाही. ज्या घरी दुपारी कोणी मोठे माणूस नाही त्या घराचा ड्रम रिकामा राहतो, किंवा दहा वर्षांची पोर शाळा बुडवून रांगेत उभी राहते. तेव्हा खोली पाहताना नुसते 'पाणी आहे का?' असे विचारू नये. त्याला सगळेच 'आहे' म्हणतात. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येते, विहीर किंवा बोअर आहे का आणि मे महिन्यात ती चालते का, पाणी साठवावयास टाके आहे का, आपल्या गैरहजेरीत ते कोण भरील, हे विचारावे. आणि मालकाला न विचारता शेजारणीला विचारावे.

जागा पाहावयास एकदा जाऊन भागत नाही. सकाळी शाळेच्या वेळी जावे, सायंकाळी दिवेलागणीनंतर जावे, आणि जमल्यास जुलैत एखादा जोराचा पाऊस झाल्यावर जावे. आपली काळी माती पऱ्हाटीला लाभदायक, पण रस्त्याला वैरीण. मुरूम न टाकलेल्या ले-आऊटमध्ये पहिल्या पावसानंतर ऑटोवाला नाक्यावरच उतरवून देतो, आणि पुढचा अर्धा मैल आई एका हाताने चपला व दुसऱ्या हाताने मूल सांभाळत चालते. काळ्या मातीवर कच्च्या पायाची भिंत तडकते, तेही पाहून घ्यावे. रस्त्यावरचे दिवे मोजावेत. कोणत्या दुकानापुढे सायंकाळी कोण माणसे बसतात तेही पाहावे. यात संकोच कसला?

'आपल्या लोकांत राहा' या सल्ल्याकडे आता वळते. जातीच्या मंडळाच्या व्यासपीठावरून याविषयी बोलणे नाजूक आहे, तरी बोलते. आपल्या माणसांची सोबत ही मोठी गोष्ट आहे. अडीअडचणीला प्रथम धावतात ते तेच. परंतु मी असेही पाहिले आहे की एकट्या बाईच्या शेजारी आपली दहा घरे असली म्हणजे दहा घरांचे डोळे तिच्या दारावर असतात, हात मात्र दोनच घरांचे पुढे येतात. ती किती वाजता आली, कोणाच्या गाडीवरून आली, कपाळाला काय लावले, याची नोंद ठेवणारी वस्ती आपली म्हणावी की परकी? याउलट दुसऱ्या समाजातील शेजारणीने तिच्या मुलाला पाच वर्षे दुपारचे जेवण घातल्याचे उदाहरण मला ठाऊक आहे. तेव्हा निवड करताना 'येथे आपली किती घरे आहेत?' या प्रश्नाला जोडूनच 'येथे सायंकाळी माझे मूल कोणाच्या घरात बसू शकेल?' असा प्रश्न करावा. त्याला एका नावाचे उत्तर मिळाले तरी पुरे.

आणि खोली देणारे आपणच कित्येकदा पहिला प्रश्न काय करतो? 'घरी मानूस कोन हाये?' प्रश्न साधा दिसतो. पण ज्या बाईने वर्षापूर्वी नवरा अग्नीच्या स्वाधीन केला तिला त्याचे उत्तर उंबरठ्यावर उभे राहून, लेकरांदेखत द्यावे लागते. भाडे वेळेवर मिळेल ना, एवढेच मालकाने विचारावे. एकट्या पुरुषाला आपण एवढेही विचारत नाही.

काही भगिनी भाड्याचा जाच नको म्हणून गावचे वावर विकून शहरालगत प्लॉट घेतात. येथे फार सावध राहिले पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पतीच्या वाट्यात पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई यांना सारखा हक्क आहे. गाव सोडण्यापूर्वी तलाठ्याकडे वारस नोंद करून सातबाऱ्यावर आपले व मुलांचे नाव चढवून घ्यावे. अज्ञान मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' अशी नोंद होते. २०२५ च्या एप्रिलपासून शासनाने 'जिवंत सातबारा' या नावाने मृत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्याची मोहीमही राज्यभर चालविली. अज्ञान मुलाच्या नावे लागलेला हिस्सा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. दीर आणि भासरे घाई करीत असतील तर ही तरतूद नम्रपणे त्यांच्या कानी घालावी. आणि प्लॉट घ्यावयाचाच तर अकृषक आदेश व मंजूर ले-आऊट पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिलेला गुंठा हा गुंठा नसून गुंता आहे. माझे स्पष्ट मत असे की पहिली दोन वर्षे भाड्यानेच राहावे. शहर कोणत्या बाजूने आपल्याला सोयीचे आहे हे दोन पावसाळे व दोन उन्हाळे काढल्यावाचून कळत नाही. वावर विकले की परतीची वाट बंद होते; ते बटाईने लावून ठेवले तर वर्षाचे धान्य तरी येते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून नवी शाळा प्राथमिक वर्गात प्रवेश नाकारू शकत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. ठरावीक दिनांकानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव लावणे शासनाने २०२४ पासून आवश्यक केले आहे. निराधारांसाठी संजय गांधी योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात होतो. मार्च २०२३ पासून एस. टी. च्या प्रवासात स्त्रियांना अर्धे भाडे आहे. त्यामुळे कळंब, बाभूळगाव, दारव्हा, नेर अशा ठिकाणी राहून यवतमाळास कामाला येणेही काहींना परवडू लागले आहे. ज्यांचे माहेर या गावांत आहे त्यांनी शहरातील खोलीआधी हा पर्याय तपासावा. मुलांजवळ आजी आहे, तर वरील सारे तास आपोआप सुटतात.

बंधूंनो, आपल्यातही पत्नीमागे मुले वाढविणारे आहेत. त्यांना दुसऱ्या लग्नाखेरीज अन्य उपाय समाज सुचवीत नाही, आणि मुले खेड्यात आजीजवळ ठेवून ते पुण्या-नागपुरास जातात. मुलांना जवळ ठेवण्याची ज्यांची इच्छा आहे त्यांनाही तासांचा हाच हिशेब लागू आहे. फरक एवढाच की खोली त्यांना लौकर मिळते.

अखेरीस मंडळाकडे एक मागणे. आपण वधूवरांची सूची दरवर्षी छापतो, ती उपयुक्त आहे. तिच्या जोडीला खोल्यांची एक वही ठेवावी. यवतमाळात व भोवतालच्या वस्त्यांत ज्या सभासदांकडे भाड्याची खोली आहे, त्यांनी वहीत भाड्याच्या आकड्यासह पाच गोष्टी लिहाव्यात: शाळेचे पायी अंतर, पाण्याचा दिवस व वेळ, पावसाळ्यात ऑटो दारापर्यंत येतो की नाही, करार नोंदवून देण्याची तयारी, आणि शाळा सुटल्यावर आपल्या घरी एक-दोन मुले बसवून घेण्याची इच्छा. ज्यांच्याकडे खोली नाही पण ओसरी आहे त्यांनी शेवटच्या रकान्यात नुसते नाव व वस्ती लिहिली तरी चालेल. अध्यक्षमहाराजांनी अनुमती दिली आहे, वही दाराशी मेजावर ठेवली आहे, आणि पहिल्या ओळीत माझ्या घरची पुढची खोली मी लिहिली आहे. भोजनाला जाण्यापूर्वी आपण तेथे थांबावे.